माप घ्यायला आलेल्या सुताराकडे नीट बघा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आणि तिच्या आजूबाजूच्या जुन्या पेठांत गल्लीगणिक कुठलं ना कुठलं घरकाम चालू दिसतं. कुठे माळवद उतरवून स्लॅब पडतो, कुठे खालचं घर तसंच ठेवून वर दोन खोल्या चढतात, कुठे मुलाच्या लग्नाआधी स्वयंपाकघर नवं करायचं असतं. गवंडी, प्लंबर, फरशीवाला यांची कामं उरकली की शेवटी सुताराची पाळी येते. तोवर घरच्यांचा पैसाही आटत आलेला असतो आणि धीरही. म्हणून कपाटं, ट्रॉल्या, लॉफ्ट ही पंधरा-वीस वर्षं वापरायची कामं ज्याच्या हाती द्यायची, तो माणूस सगळ्यांत घाईने ठरतो. शोरूममध्ये रंग पसंत पडतो, दर बरा वाटतो, बयाणा दिला जातो. माझं म्हणणं असं की रंग आणि दर हे शेवटी विचारायचे प्रश्न आहेत. कपाट करणारा माणूस कसा आहे, हे तो माप घ्यायला घरी येतो त्या अर्ध्या-पाऊण तासात कळतं. त्या वेळी त्याच्या सोबत उभे राहा. तो कुठे हात लावतो, काय विचारतो, काय लिहून घेतो ते बघा.

पहिली गोष्ट भिंत. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, चांगल्या दोन-दोन फूट जाडीच्या, वरून चुन्याचा किंवा मागाहून केलेला सिमेंटचा गिलावा. वरचं वजन त्या पिढ्यान्‌पिढ्या पेलत आल्या आहेत, पण त्यांत मारलेला स्क्रू धरत नाही. ड्रिल गिलाव्याच्या आत गेलं की मातीची भुकटी गळायला लागते आणि प्लास्टिकचा प्लग भोकात नुसता फिरतो. अशा भिंतीवर स्टीलच्या डब्यांनी भरलेलं कपाट चार स्क्रूंवर टांगलं, तर ते हळूहळू पुढे कलणार आणि एखाद्या दिवशी ओट्यावर येणार. खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

जाणता कारागीर म्हणून आधी बोटांनी भिंत ठोकतो. आवाज पोकळ आला तर बारीक भोक पाडून आतून काय निघतं ते बघतो. मग त्याच्याकडे उपाय असतात. वरचं कपाट भिंतीवर न टांगता ओट्यापासून उभ्या पट्ट्यांवर उचलून घेता येतं. भिंतीत ठिकठिकाणी वीतभर खोल खोदून काँक्रीट भरता येतं आणि त्यात बोल्ट बसवता येतात. वर स्लॅब असेल तर तिथून लोखंडी पट्टीचा आधार घेता येतो. यातलं काँक्रीटचं काम गवंडी घरात आहे तोवरच व्हायला हवं. म्हणून सुताराला शेवटी बोलावण्याची आपली सवयच चुकीची आहे. गिलावा होण्याआधी, विजेचे पाईप टाकण्याआधी त्याची पहिली फेरी झाली पाहिजे. त्याला एवढंच विचारा, "हे वरचं कपाट कशाच्या जिवावर उभं राहणार?" तो भिंतीकडे वळून बोलायला लागला तर पुढचं बोलणं करा. "काय होत नाही मालक, बसतंय की" एवढ्यावर भागवलं तर दुसऱ्याला बोलवा.

जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते आणि कोपरा क्वचितच गुण्यात. तळाशी सहा फूट भरणारी जागा वर छताजवळ सहा फुटांना इंचभर कमी भरते. म्हणून माप तीन उंचींवर घ्यावं लागतं: तळाशी, कमरेपाशी आणि वर. शिवाय दोन्ही तिरकी मापं. एकदाच टेप लावून आकडा मोबाईलमध्ये टिपणारा कारखान्यात चौकोनी बॉक्स करून आणतो आणि मग उरलेली फट सिलिकॉनने बुजवतो. त्या फटीत झुरळं राहतात. तुमच्या समोर कागदावर आकृती काढून प्रत्येक माप लिहिणारा माणूस हवा, आणि त्या कागदाचा फोटो तुमच्याकडेही असू द्या.

तळमजल्याच्या भिंतीला ओल असतेच. फरशीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंग फुगलेला, पोपडे आलेले, पांढरा खार फुटलेला दिसला तर तिथे कपाट चिकटवणं म्हणजे प्लायवूड वाळवीच्या हवाली करणं. सुताराने हे आपणहून दाखवायला हवं. वाळवीचं औषध फरशी बसण्याआधी जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी मारावं, कपाटाची पाठ भिंतीपासून इंचभर सुटी ठेवावी, त्या पाठीला मागूनही लॅमिनेट लावावं. "मागची बाजू कोण बघतंय" म्हणून ती कोरी ठेवणारे बरेच आहेत. ओल नेमकी तिथूनच शिरते.

आणि पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. घरात टाक्या, पिंप, घागरी भरून ठेवाव्याच लागतात, आणि पाणी येण्याच्या दिवशी स्वयंपाकघराची फरशी घागरींनी, पाईपने, पायांनी पार ओली होते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी आखलेलं मॉड्युलर किचन हे गृहीत धरत नाही. आपल्याकडे जमिनीला टेकलेलं प्लायवूड टिकत नाही. बॉक्स चार इंची प्लास्टिकच्या पायांवर हवा आणि पुढची स्कर्टिंगची पट्टी काढता येण्यासारखी हवी, म्हणजे आत झाडू फिरवता येतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तळमजल्यावरच्या ओल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली प्लायवूडचा बॉक्स करूच नये. कडाप्प्याचे उभे खण करावेत, त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवाव्यात आणि लाकूड फक्त पुढच्या शटरपुरतं ठेवावं. ही जुनी पद्धत आहे आणि शोरूममध्ये तुम्हाला कोणी ती सुचवणार नाही, कारण त्यात त्यांची विक्री कमी होते. पण दगडाला वाळवी लागत नाही आणि पाण्याने तो फुगत नाही. शटर खराब झालं तर दहा वर्षांनी तेवढंच बदलता येतं. वरच्या मजल्यावर, कोरड्या भिंतींत, प्लायवूडचा पूर्ण बॉक्स चालतो आणि तो दिसायलाही नेटका असतो.

भिंत बघून झाल्यावर चांगला कारागीर घरातलं सामान विचारतो. वर्षाची ज्वारी भरता का? पोत्यात ठेवता की कोठीत? घरघंटी कुठे राहणार? शेंगाचटणी घरी उखळात कुटता का, आणि कुटता तर ओट्यावर की खाली बसून? भाकरी उभ्याने थापता का, आणि थापणाऱ्या बाईची उंची किती? शेवटचा प्रश्न घरच्या पुरुषाला विचारून उपयोग नाही. म्हणून माप घेताना स्वयंपाक करणारी बाई समोर हवी आणि मिस्त्रीने तिच्याशी बोलायला हवं. पंधरा किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याची उंची साधारण चौदा इंच असते. दोन फळ्यांतलं अंतर बारा इंच ठेवलं तर ज्वारी, डाळी भरलेला एकही डबा तिथे मावत नाही आणि सगळे डबे परत माळ्यावर जातात. कपड्यांच्या कपाटात सोलापुरी चादरींच्या आणि गोधड्यांच्या चळतीचं वजन धरावं लागतं. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी मधल्या आधाराशिवाय तीन फुटांपेक्षा लांब गेली की अशा वजनाने काही महिन्यांत पोटात वाकते. तीन फुटांच्या आत उभी फळी हवीच.

हे सगळं करणारा माणूस मिळतो कुठे? आपल्याकडे तीन प्रकारची माणसं आहेत. एक, घरी येऊन, गच्चीवर किंवा अंगणात घोडा मांडून काम करणारा मिस्त्री. यांत पिढीजात सुतार आहेत, तेलुगू-कन्नड बोलणारे कारागीर आहेत, राजस्थानातून आणि उत्तरेतून आलेले आहेत. दुसरा, मॉड्युलर कंपनीची एजन्सी, जी माप पाठवून बाहेरून तयार बॉक्स मागवते. तिसरा, गावातच छोटा कारखाना टाकलेला, ज्याच्याकडे पॅनेल कापायचं आणि कडेला पट्टी चिकटवायचं मशीन आहे आणि बसवायला स्वतःची माणसं आहेत. जुन्या, वाकड्यातिकड्या घराला कंपनीचे तयार बॉक्स मानवत नाहीत. शिवाय पेठेतल्या बोळातून आणि दोन फुटी जिन्यातून ते वर चढतही नाहीत. म्हणून आपल्यासाठी पहिला किंवा तिसरा. तिसऱ्याकडे कडेची पट्टी गरम गोंदाने मशीनवर बसते, ती हाताने चिकटवलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना गच्चीवर उन्हात लॅमिनेट चिकटवलं की फेविकॉल पसरेपर्यंतच सुकायला लागतो आणि पुढे फुगे येतात. कारखान्यात सावलीत, दाबाखाली ठेवून केलेलं काम वेगळं असतं. घरीच काम करायचं असेल तर ते सावलीत, आत एका खोलीत होऊ द्या.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारही आहेत. नोंदणी झालेल्या कारागिराकडे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र असतं. ते असलं तर माणूस कोण, कुठला, हे कळतं. कामाची खात्री मात्र त्याने केलेलं जुनं कामच देतं.

जुनं काम म्हणजे मोबाईलमधले फोटो नव्हेत. फोटो हे काम पूर्ण झालेल्या दिवसाचे असतात आणि त्या दिवशी प्रत्येक कपाट सुंदरच दिसतं. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढलेलं, म्हणजे निदान दोन वर्षं वापरातलं स्वयंपाकघर दाखवायला सांगा. त्या घरी गेल्यावर दर्शनी भागाकडे लक्ष देऊ नका. सिंकखालचं शटर उघडा. खाली वाका आणि शटरची जमिनीकडची कड बोटाने चाचपा. लॅमिनेट नखाएवढं सुटलं असेल, आतली प्लायची कड फुगून मऊ लागत असेल, तर त्या माणसाने खालची कड बंद न करताच शटर लावलं आहे. तुमच्याकडेही तो तेच करणार, कारण ती कड गिऱ्हाईक कधी बघत नाही. मग बिजागरी बघा. स्क्रू पूर्ण आत बसलेले, सरळ, आजूबाजूचं लाकूड न चिरलेलं हवं. एखाद्या स्क्रूच्या शेजारी जुनं रिकामं भोक दिसलं तर बिजागरी एकदा उपटून परत बसवलेली आहे. सर्वांत खालचा, सर्वांत जड ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि पुढचं टोक हलकेच खाली दाबा. थोडा झुकला तर चालेल. खडखडला किंवा तिरका झाला तर चॅनल हलका वापरला आहे किंवा दोन्ही बाजूंचे चॅनल एका पातळीत नाहीत. शेवटी घरातल्या बाईंना बाजूला घेऊन विचारा, "काम झाल्यावर कधी बोलावलं होतं का? आला का?" बिजागरी कुणाचीही ढिली होते. बोलावल्यावर येणारा सुतार मिळाला तर दर थोडा जास्त असला तरी तोच घ्या.

आता माल. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का, खाली आयएस क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभं राहूनच हे करा. आयएस ७१० हा मरीन दर्जा. त्याच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी असते. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर दर्जाला आठ तासांची. त्याच्याच एमआर दर्जाला उकळत्या पाण्याची कसोटीच नाही, ती साठ अंशांच्या पाण्यात तीन तासांची. स्वयंपाकघरात आणि मोरीच्या भिंतीला लागून असेल तिथे ७१० घ्या, बैठकीच्या खोलीत ३०३ चालतं. नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. घरी खात्री करायची असेल तर कापलेला वीतभर तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळा. पापुद्रे सुटले तर माल परत. स्टीलच्या ट्रॉल्यांत ३०४ आणि २०२ असे दोन दर्जे सर्रास विकले जातात. दोन्हींना लोहचुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या. मिठाच्या आणि पाण्याच्या संगतीत २०२ आधी गंजतं.

प्लायवूड सुताराने आणायचं की आपण? पुष्कळ दुकानांत मिस्त्रीला कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. त्यात मला कारागिराचा एकट्याचा दोष वाटत नाही. मजुरीचा दर आपण इतका घासतो की त्याला ती कसर तिकडून काढावी लागते. मजुरी रास्त द्या, माल स्वतः पक्क्या बिलावर घ्या आणि त्याला सोबत न्या, म्हणजे निवडीत त्याचं ज्ञानही कामी येतं.

किती माल लागेल हे थोडं गणित करून आधीच काढता येतं. समजा कपाट सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल, आत तीन खण, तीन शटर आणि पाच फळ्या. दोन बाजू आणि मधल्या दोन उभ्या फळ्या मिळून चार, शटर तीन. म्हणजे सात बाय दोनचे सात तुकडे. आठ बाय चारच्या एका शीटमधून असे दोन निघतात, म्हणून साडेतीन शीट. वरची-खालची फळी आणि आतल्या पाच फळ्या उरलेल्या अर्ध्या शीटमध्ये आणि पाचव्या शीटमध्ये बसतात. पाच शीट, तुकड्यांची घट धरून सहा. पाठीला ६ मिलिमीटरच्या दोन शीट वेगळ्या. कोणी नऊ शीट सांगितल्या तर भांडू नका, कापण्याचा नकाशा काढून दाखवायला सांगा. जाणता माणूस दोन मिनिटांत काढतो.

दर विचारताना मोजणार कसं ते आधी विचारा. एक जण ओट्याच्या लांबीचा रनिंग फूट सांगतो, दुसरा पुढच्या दर्शनी भागाचा चौरस फूट, तिसरा लॉफ्ट वेगळा धरतो. आत्ता हिशेब केलेल्या कपाटाच्या सहा बाय सातच्या दर्शनी भागाचे ४२ चौरस फूट होतात. आतल्या फळ्या आणि ड्रॉवर त्या दरात आहेत की वर, हे ठरलेलं नसेल तर शेवटच्या हिशेबात वाद होणारच. सगळ्यांकडून एकाच आकृतीवर, एकाच मालाच्या दर्जावर आणि एकाच मोजणीने लेखी दर घ्या. बिजागरी, चॅनल, हँडल, कुलूप कोणत्या कंपनीचं, किती नग, तेही त्यातच.

जुनं घर पाडताना निघालेलं सागवान मातीमोल देऊ नका. तुळया, कड्या, चौकटी, फडताळांची झडपं, यांतलं लाकूड पन्नास-शंभर वर्षं सोलापूरच्या उन्हाळ्यात सुकलेलं असतं. आज वखारीतून आणलेलं ओलसर सागवान पहिल्याच मे महिन्यात आकसून चिरतं तसं ते वागत नाही. खिळे काढून, एक टोक कापून आत भुंग्याची पोखर नाही ना ते बघून घ्या. सगळं कपाट त्यातून होणार नाही, पण शटरच्या कडा, देवघर, दाराची चौकट सहज होते. "हे भंगार मी घेऊन जातो, हिशेबात धरतो" असं कंत्राटदार म्हणाला तर आधी घनफुटात मोजून घ्या. आणि रंधा नीट मारता येणारा सुतार ओळखायचा असेल तर हे जुनं लाकूड त्याच्या हातात द्या. ते बघूनच त्याचा चेहरा खुलतो.

पैसे टप्प्याने द्या. माल तुम्हीच आणत असाल तर बयाणा थोडा पुरतो. बॉक्स उभे राहिल्यावर एक हप्ता, शटर लागल्यावर दुसरा, आणि निदान दहावा हिस्सा काम संपल्यानंतर महिनाभर मागे ठेवा. हे पहिल्या दिवशी बोलून, कागदावर लिहून, दोघांच्या सह्यांनी. तारीख ठरवताना सण धरा. उत्तरेकडचे कारागीर दिवाळी-छठ आणि होळीला गावी जातात, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहराचाच वेग बदलतो, आणि लग्नसराईत चांगला मिस्त्री एकाच वेळी चार ठिकाणी असतो. लग्न मे महिन्यात असेल तर काम जानेवारी संपता-संपता सुरू झालं पाहिजे.

काम अर्धवट टाकलं किंवा ठरल्यापेक्षा हलका माल लावला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तिथे शुल्क लागत नाही. राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. पण तिथे उभं राहायला हातात लेखी दर, बिलं आणि पैसे दिल्याची नोंद लागते. रोख दिलेल्या बयाण्याचीही पावती घ्या, नाहीतर ऑनलाईन द्या.

मिस्त्री सामान आवरून निघायच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: उरलेल्या लॅमिनेटचा मोठा तुकडा, लॅमिनेटचा कंपनी-क्रमांक लिहिलेलं लेबल आणि तीच बिजागरी दोन जास्तीची. चार वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही. सगळं एका पिशवीत घालून लॉफ्टच्या कोपऱ्यात ठेवा, आणि पिशवीवर त्याचा फोन नंबर लिहून ठेवा.